अंदाजे आणि सावकाश

‘सावकाश’ हे टोपणनाव घेतलेली बाई सोमवारी पहाटे वारली, आणि गुरुवारी दुपारी तिचा ठिपका नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे गेला.

दोन्ही गोष्टी त्याने फोनच्या एकाच पडद्यावर पाहिल्या. वर तिच्या भावाचा निरोप होता, आदल्या दिवशी आलेला. ‘तुम्ही माझ्या बहिणीशी रोज बोलत होता असं तिच्या फोनवरून दिसतं, म्हणून कळवतो. सोमवारी पहाटे ती वारली. शेवटी फार हाल झाले नाहीत. हा फोन आता बंद करतो आहे.’ हा निरोप त्याने आला तेव्हाच वाचला होता, उत्तर लिहायला घेतले होते आणि खोडून टाकले होते; बंद फोनला सांत्वन पाठवण्यात काही अर्थ नव्हता. निरोपाच्या खाली यात्रेचा नकाशा होता. तपकिरी डोंगर, निळी नदी, डोंगराकडे चढत गेलेली पिवळी पायवाट आणि पायवाटेवर दोन ठिपके. हिरवा त्याचा, जांभळा तिचा. काल जांभळा ठिपका पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी होता. आता तो पलीकडच्या काठावर होता. त्याने पडदा पुसला. मग चष्मा पुसला. मग, ज्या सवयीवर आयुष्यभर पोट भरले त्या सवयीने, नकाशा बंद करून पुन्हा उघडला. ठिपका पलीकडच्याच काठावर होता.

ही यात्रा घरात बसून करायची होती, किंवा नेमके बोलायचे तर घरात चालून. मनगटावर एक पट्टा बांधायचा. पट्टा पावले ओळखतो, ती दूरच्या कुठल्याशा कार्यालयात पोचतात आणि नकाशावरचा ठिपका त्या प्रमाणात पुढे सरकतो. पायवाट मात्र खरी होती. डोंगराच्या पोटातून निघणाऱ्या एका झऱ्यापाशी ती संपत असे, आणि शतकानुशतके माणसे तिथवर पायी जाऊन, ओंजळभर पाणी पिऊन, आपापल्या घरी परत येत आली होती. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी ती सबंध वाट चालून तिची छायाचित्रे काढून ठेवली होती. ठिपका जिथे पोचेल तिथले चित्र उघडे. झुडपे, शेणाने माखलेला दगड, एक कुत्रा, पुन्हा झुडपे. झरा पवित्र आहे असे मानणाऱ्यांशी त्याचे भांडण नव्हते. त्याला फक्त त्या पाण्याचे पृथक्करण हवे होते. ‘कॅल्शियम असेल,’ तो थोरल्या बहिणीला म्हणाला होता, ‘थोडं मॅग्नेशियम. बाकी काही असायचं कारण नाही.’ बहीण संध्याकाळचे डबे घासत होती. तिने मागे न वळता विचारले होते, ‘आणि तुझ्या रक्तात काय सापडलं रे इतक्या तपासण्यांत? काही नाही ना? मग काही नसलेल्या माणसानं काही नसलेलं पाणी प्यायला काय हरकत आहे?’

ताईचे हे बोलणे त्याला झोंबले, कारण ते तर्काला धरून होते. त्याच्या रक्तात खरोखरच काही सापडले नव्हते. एक साधा ताप आला होता, चारचौघांना येतो तसा. चारचौघांचा उतरला, याचाही उतरला, पण उतरताना तो काहीतरी बरोबर घेऊन गेला. काय नेले, हे कोणत्याही अहवालात येत नव्हते. ‘थकवा’ हा शब्द त्याला नेहमी तोकडा वाटे. थकलेला माणूस झोपला की उठतो. याला मात्र आज दोन खोल्या जास्त चालले, कोणाशी हसून दहा वाक्ये जास्त बोलले, की आज काहीच होत नसे, उद्याही होत नसे. परवा सकाळी शरीर संप पुकारत असे. मग डोळ्यांना उजेड चालत नसे, कानांना नळाचे पाणी चालत नसे, कुशीवर वळणे हा दिवसाचा मुख्य कार्यक्रम होऊन बसे. कारण आणि परिणाम यांच्यामधल्या या दीड-दोन दिवसांच्या पोकळीने त्याला सुरुवातीला वेड लावले होते. ज्या उपकरणाचा काटा वजन ठेवल्यावर दोन दिवसांनी हलतो, ते उपकरण त्याने भंगारात काढले असते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी शेवटी तोडगा काढला. त्याला रोजचा चालण्याचा शिधा ठरवून दिला: पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, दाराबाहेरच्या सामाईक व्हरांड्यातून लिफ्टपर्यंत आणि परत. त्याहून जास्त नाही, कमीही नाही. ‘शिधा पाळायला काहीतरी निमित्त लागतं,’ त्या म्हणाल्या आणि यात्रेचा पत्ता लिहून दिला. ‘माझा विश्वास नाही,’ तो म्हणाला. ‘श्रद्धेची अट नाहीये हो,’ त्या म्हणाल्या, ‘पट्टा चार्ज करायची आहे.’

नाव नोंदवताना टोपणनाव द्यावे लागे. वजनेमापे प्रमाणित करणाऱ्या प्रयोगशाळेत त्याने सारी हयात इतरांच्या अहवालांतून ‘अंदाजे’ हा शब्द खोडण्यात घालवली होती; शिक्षा म्हणून म्हणा किंवा गंमत म्हणून म्हणा, त्याने तोच स्वतःला लावून घेतला. यात्रेचे कार्यालय सारख्या चालीच्या दोघांची जोडी लावून देत असे. एकटी माणसे वाट अर्ध्यात सोडतात, असा त्यांचा अनुभव होता. त्याच्या चालीचे माणूस मिळायला बरेच दिवस लागले, कारण इतके हळू चालणारे तिथेही कमी होते. मग एका सकाळी त्याच्या हिरव्या ठिपक्याशेजारी एक जांभळा ठिपका उगवला, आणि त्याखाली नाव होते ‘सावकाश’. तिचा पहिला आवाजी निरोप त्याला शब्दशः आठवत होता, श्वास घ्यायला ती कुठे कुठे थांबली त्या जागांसकट. ‘अहो अंदाजे, मी तुमची जोडीदारीण. घाबरू नका. मला डॉक्टर एवढा एकच शब्द सांगतात, म्हणून तोच नाव म्हणून लावला.’ ती दातांच्या कवळ्या घडवत असे. छोट्या फिरत्या चाकावर कवळी घासायची, गुळगुळीत करायची. त्याची जी बारीक धूळ उडते ती इतकी वर्षे तिच्या फुप्फुसांत बसत गेली होती आणि आता हवेला जागा उरली नव्हती. प्राणवायूच्या यंत्राला जोडलेली नळी नाकाशी लावून ती स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत चाले. नळी संपली की यात्राही संपे. ‘पण तुम्हाला सांगते, आमच्याकडे निम्मं गाव माझ्या दातांनी हसतं. आणि मला मेलीला हसलं की धाप लागते. तेव्हा विनोद करायचा तर आधी सूचना देत चला.’

तो विनोद करणारा माणूस नव्हता. तरी करू लागला. आधी सूचना देऊन करत असे, आणि सूचनाच तिला जास्त विनोदी वाटे. तिचे खरे नाव त्याने विचारले नाही, तिने त्याचे विचारले नाही. ती कोणत्या रस्त्यावर राहते, घरात कोण असते, किती वर्षांची आहे, हे काही त्याला माहीत नव्हते. तिच्या घरातले घड्याळ मागे पडते, हे मात्र माहीत होते, कारण निरोपांत त्याचे ठोके ऐकू येत आणि ते त्याने आपल्या घड्याळाशी ताडून पाहिले होते. सकाळी शिधा संपवून तो पलंगावर आडवा होई, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी पाही आणि तिच्या निरोपाची वाट पाही. ‘आज तो कुत्रा लागला का तुम्हाला, चित्रात? कान फाटलेला? मला लागला. छान आहे. म्हणजे वाईटच आहे, पण आपल्यातला वाटतो.’ कधी ती पुढे असे, कधी तो. मागच्या महिन्यात त्याचे वाईट दिवस आले तेव्हा ती हाकेच्या अंतरावर पुढे निघून गेली होती. ‘या हो मागून,’ ती म्हणाली होती, ‘मी कुठे पळून जाते आहे?’

आणि आता ती पूल ओलांडून गेली होती. शुक्रवारी पलीकडच्या चढाला लागली. शनिवारी आणखी वर. त्याने खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि शांतपणे शक्यता मांडायला बसला. पहिली शक्यता, यंत्राची चूक. दुसरी, तिचा पट्टा दुसरे कोणी घालत असेल. भाऊ, किंवा भावाचे कोणी. तिसरी शक्यता त्याने बराच वेळ मांडली नाही. निरोप तिच्या फोनवरून आला होता, पण लिहिणारा माणूस अनोळखी होता. लिहिलेली गोष्ट खरी आहे, याला त्या वाक्याखेरीज पुरावा नव्हता. खोटे कशाला लिहील कोणी? याचीही कारणे असू शकतात: परक्या पुरुषाशी बहिणीचे रोजचे बोलणे पसंत नसलेला भाऊ जगात पहिलाच असणार नव्हता. हा विचार आला तेव्हा त्याला हलके वाटले, आणि त्या हलकेपणाचीच त्याला शरम वाटली. जे खरे निघावे असे आपल्याला वाटते ते दोनदा मोजायचे, हा त्याच्या धंद्याचा धर्म होता. पण मोजायचे कशाने? तिचा फोन बंद होता. नाव ठाऊक नव्हते. त्याच्याजवळ एक जांभळा ठिपका होता आणि तो चालत होता.

त्याने तो मोजायला सुरुवात केली. नकाशावरच्या खुणा धरल्या: पूल, चढावरची पडकी भिंत, तीन दगडांची रास, वळण. रोज जांभळा ठिपका कोणत्या खुणेपासून किती सरकला ते पाहायचे. चाल एकसारखी नव्हती, हे पाहून त्याला आनंद झाला. यंत्राची चूक एकसारखी असते, आजारी माणूस एकसारखा नसतो. मग त्याने आणखी एक गोष्ट केली, जी त्याने करायला नको होती. त्याने शिधा मोडला. तिला गाठावे, निदान ठिपक्याला ठिपका लागेल इतके जवळ जावे, मग काय होते ते पाहावे, असे त्याच्या मनाने घेतले. लिफ्टपर्यंत जाऊन तो परत फिरेना. जिन्याच्या कठड्यापर्यंत गेला, तिथून पुन्हा लिफ्टपर्यंत. व्हरांड्यात शेजारणीने केराची बादली बाजूला घेतली आणि म्हणाली, ‘अरे वा, आज स्वारी जोरात!’ तो हसला. पोटऱ्यांत शिसे ओतल्यासारखे झाले होते, पण परवा अजून परवा होता. खोलीत येऊन त्याने नकाशा उघडला. हिरवा ठिपका बराच पुढे आला होता. जांभळाही बराच पुढे गेला होता. मधले अंतर तेवढेच होते, हाकेचे.

‘तू तिच्या मागे लागलायस,’ ताई म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात काम करत असे आणि संध्याकाळी घरी जाताना त्याच्याकडे डोकावत असे. डोकावणे तासभर चाले. ‘या वयात. तेही न पाहिलेल्या बाईच्या. आई असती तर तिने आधी कूळ विचारलं असतं.’

‘ताई, ती वारली असं कळलंय.’

ताईने हातातला कपडा घडी न घालताच मांडीवर ठेवला. ‘मग?’

‘आणि ती चालतेय.’

‘म्हणजे वारली नाही.’

‘तसं म्हणता येत नाही.’

‘तुला म्हणता येत नाही. मला येतं. चालतंय ते माणूस जिवंत असतं. एवढं शिकून तुम्ही लोक सोपं काय ते अवघड करून ठेवता.’ मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे पाहते तसे, एक डोळा किंचित मिटून. ‘किती चाललास आज?’

त्याने फोन पालथा ठेवला. ती उठली आणि तिने पडदे ओढून घेतले, कारण परवा काय होणार हे तिलाही ठाऊक होते.

परवा आला. या वेळी तो त्याला नेहमीपेक्षा खोल घेऊन गेला. अंधारलेल्या खोलीत तो उताणा पडून राहिला आणि शरीर त्याच्यापासून वेगळे, शेजारी ठेवलेले, कोणाचे तरी जड सामान असल्यासारखे वाटू लागले. लिफ्टचा दरवाजा सरकला की आवाज आधी दातांत येई आणि मग कानांत. अशा वेळी त्याचे मन नेहमी एकाच ठिकाणी जाई: प्रयोगशाळेतल्या मुख्य तराजूच्या खोलीत. दोन दारांच्या आतली, खिडकी नसलेली, कायम एकाच तापमानाला ठेवलेली खोली. तिथे वजनाला हात लावायचा नसे. लांब दांड्याच्या चिमट्याने उचलायचे, ठेवायचे आणि दूर व्हायचे. श्वास तराजूकडे सोडायचा नाही, कारण माणसाच्या अंगाची ऊब हवेत झोत तयार करते आणि काटा खोटे बोलतो. तो नवा असताना काटा काही केल्या स्थिर होईना. तेव्हा साहेबांनी त्याला खांद्याला धरून दाराबाहेर काढले, बरोबर आणलेला डबा उघडला आणि जेवता जेवता म्हणाले, ‘त्या खोलीत सगळ्यात मोठा दोष कोणता माहीत आहे? तू. आधी स्वतःला वजा करायला शीक.’ जेवण झाल्यावर दोघांनी काचेतून पाहिले तर काटा निमूट उभा होता. तो धडा त्याने इतका पक्का गिरवला की पुढे प्रयोगशाळेत त्याच्या हाताला कोणी जोड नव्हती. जिथे जाईल तिथे तो स्वतःला वजा करून उभा राही. लग्नसमारंभात, स्मशानात, सहकाऱ्यांच्या घरच्या जेवणात. माणसे त्याला बोलावत आणि तो आला होता की नाही हे नंतर त्यांना आठवत नसे. आजारपण आले तेव्हा त्याला कोणी टाकले, असे झाले नाही. सुरुवातीला दोन-तीन जण येऊन गेले, प्रयोगशाळेने फुले पाठवली, आणि मग काटा स्थिर झाला.

सावकाशने एकदा त्याला सुनावले होते. तो कुठल्यातरी चित्रातल्या भिंतीची उंची सावलीवरून काढून सांगत होता. ‘अहो, भिंत राहू द्या,’ ती म्हणाली, आणि मग नळीतल्या हवेचा सूं सूं आवाज, आणि मग, ‘तुम्हाला ती कशी वाटली ते सांगा. मला तुमच्याशी बोलायचंय, फूटपट्टीशी नाही.’ त्याने विचार करून उत्तर दिले होते की भिंत एकटी वाटली. ‘झालं,’ ती म्हणाली होती, ‘जमतंय की तुम्हाला.’ असे दुसरे कोणी त्याला म्हणाले नव्हते. असे म्हणणारे माणूस जगात आहे की नाही, हाच आता प्रश्न होता. बाकी साऱ्या शक्यता, यंत्र, भाऊ, पट्टा, ही त्या एका प्रश्नाची आवरणे होती, आणि अंधारात पडल्या पडल्या ती एकेक गळून पडली. ती आहे का? एवढेच त्याला हवे होते. ती बोलली नाही तरी चालेल. कुठेतरी नळी लावून स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत चालत असली तरी पुरे.

डोळ्यांना फोनचा उजेड सोसू लागला तेव्हा त्याने नकाशा उघडला. ती त्याच वळणावर होती. तो पडल्यापासून ती तसूभरही हलली नव्हती.

ताई पेज घेऊन आली तेव्हा त्याने तिला ते दाखवले. नुसता फोन पुढे केला. ताईने चष्मा कपाळावर चढवून पडदा नाकाशी नेला. ‘थांबली की रे,’ ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. ‘तुझ्यासाठी थांबली.’

बराच वेळ त्याने पेजेकडे पाहिले. ती थांबली. त्याचा ठिपका हलत नाही हे तिने पाहिले असेल, याचे वाईट दिवस आले हे तिला कळले असेल, आणि ती वळणावर खाली बसली असेल, फाटक्या कानाच्या कुत्र्याच्या शेजारी. एका मिनिटासाठी त्याने हे सबंध, कोणताही कोपरा न तपासता, खरे मानले. ते मिनिट त्याच्या आजारपणातले सगळ्यात सुखाचे होते. मग जुनी सवय जागी झाली, एखादा नोकर दार न वाजवता आत यावा तशी. जे खरे निघावेसे वाटते ते दोनदा मोजायचे. त्याने डोळे मिटले आणि तो चालला ते दिवस एका बाजूला ठेवले, ती चालली ते दिवस दुसऱ्या बाजूला. त्याने शिधा मोडला त्या दिवशी तीही जोरात होती. तो पडला, ती थांबली. आणि मधले अंतर, हाकेचे, पुलानंतर कधीही कमी झाले नव्हते, कधीही वाढले नव्हते. त्याने तिची चाल पुलापासून मोजली होती, भिंतीपासून, दगडांच्या राशीपासून. स्वतःपासून मोजली नव्हती. मोजणाऱ्याने मापात यायचे नसते; तो सवयीने खोलीबाहेर उभा राहिला होता. शिकाऊ मुलाने केली नसती अशी चूक होती ही. ती करायला आयुष्यभराची शिस्त लागत होती.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘उद्या दुकानात जाताना हा पट्टा घालशील?’

‘मी? माझी कसली यात्रा? मी दिवसभर उभी राहून लोकांना म्हणणार, वरची ओळ वाचा, आता खालची वाचा.’

‘तेवढं पुरे आहे. हा पट्टा एकटाच बोलतो कार्यालयाशी, फोन लागत नाही. फक्त हातातून काढू नकोस.’

‘आणि तू?’

‘मी इथंच. पडून.’

‘हे बरं आहे. पुण्य तुला आणि पोटऱ्या माझ्या,’ ताई म्हणाली. पण सकाळी आली, आणि त्याने पट्टा बांधेपर्यंत मनगट पुढे धरून उभी राहिली. जाताना तिने दार नेहमीपेक्षा हळू ओढले.

तो उशीला टेकून पडून राहिला. गच्चीवर चादरी हलत होत्या. फोन छातीवर उभा धरला होता. हाताला कळ लागली की दुसऱ्या हातात घ्यायचा. ताई जिना उतरत असेल तेवढ्यात हिरवा ठिपका हलला. तो बसथांब्यापर्यंतच्या रस्त्याइतका चालला, मग बसमध्ये असल्यासारखा थांबला. आणि हिरव्यापाठोपाठ, किंचित उशिराने, जांभळा हलला, चालला, थांबला. दुपारी दोघे बारीक बारीक सरकत होते, कोणीतरी काउंटरच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जावे तसे. संध्याकाळकडे दोघांनी वेग घेतला. चित्रातल्यासारखे शांत डोंगर, पिवळी वाट, आणि वाटेवर ते दोघे चालले होते, हाकेच्या अंतराने, एकमेकांना सांभाळून. बघणाऱ्याला ती जोडी दिसली असती. पलंगावरून पाहणाऱ्या त्याला मात्र स्पष्ट कळत होते की त्या दोघांत ती नाही आणि तोही नाही.

ताई यायच्या आत त्याने यात्रेच्या कार्यालयात फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका गृहस्थांनी उचलला. त्यांना सर्दी झाली होती.

‘जोडीतल्या एकाचा पट्टा बंद पडला, तर त्याच्या ठिपक्याचं काय होतं?’ त्याने विचारले.

‘काही नाही होत, साहेब, काळजी करू नका. दोन दिवस आम्ही वाट बघतो. तरी बंदच राहिला, तर जोडीदाराच्या पावलांवर त्यालाही पुढे नेतो. कोणी दवाखान्यात असतं, कोणाचा चार्जर हरवतो. बरं होऊन येतात आणि बघतात तर आपण मागे पडलो. मग सोडूनच देतात. म्हणून ती सोय आहे. जोडी लावताना सांगतो आम्ही, पण लक्षात कोणाच्या राहतंय?’

त्याच्या लक्षात राहिले नव्हते. पण दुसरे काहीतरी आता वर आले. मागच्या हिवाळ्यात त्याला दवाखान्यात ठेवले होते. दाखल करून घेताना परिचारिकेने त्याचा पट्टा काढून कपड्यांच्या पिशवीत टाकला आणि तो पिशवीतच विझून गेला. घरी आला तेव्हा हिरवा ठिपका मागे पडलेला नव्हता. त्याने ती नोंदीतली चूक समजून सोडून दिली होती. ते सारे दिवस ती नाकाला नळी लावून स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत जात होती, आणि त्या येरझाऱ्यांवर तोही चालत होता. तिला हे ठाऊक होते की नाही, ते आता विचारता येणार नव्हते.

‘त्या बाईंचा पट्टा कधीपासून बंद आहे?’

पलीकडे कळा दाबल्याचे आवाज आले. गृहस्थ शिंकले. ‘सोमवारपासून. त्या दिवशी पहाटेची शेवटची नोंद आहे. त्यानंतर काही नाही. का हो, बरं नाही का त्यांना? तुम्ही म्हणत असाल तर जोडी मोडून देतो. दुसरं कोणी बघतो तुमच्या चालीचं.’

‘नको,’ तो म्हणाला. ‘सध्या आहे तशी राहू द्या.’ आणि फोन ठेवला.

ताई आली ती धापा टाकतच. चपला दारात भिरकावल्या, खुर्चीत बसून पावले चोळू लागली आणि हात पुढे केला. ‘सोड बाबा हा तुझा पट्टा. आज काय गर्दी! एका आजोबांना सगळ्या चष्म्यांतून सारखंच दिसत होतं. बरं, कुठवर पोचवलं मी तुला? आणि ती? ती अजून तिथंच आहे की निघाली?’

त्याने तिच्या मनगटावरून पट्टा सोडवला. तिच्या कातडीवर त्याचा लालसर वळ उठला होता. त्यावरून त्याने एकदा अंगठा फिरवला.

‘ताई, ती सोमवारी वारली,’ तो म्हणाला. ‘तिचा पट्टा त्या दिवशी बंद पडला. तेव्हापासून तिचा ठिपका माझ्या पावलांवर चालतो आहे. आज तुझ्या पावलांवर चालला.’